जर्सी खपली, पोरं खुपली

नव्वदच्या दशकातले अमेरिकन रॅपचे व्हिडिओ पाहताना एक विसंगती लगेच डोळ्यांत भरते. लॉस एंजेलिसचं रखरखीत ऊन, रस्त्याकडेला पामची झाडं, लोरायडर गाड्यांची रांग, आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या पोरांच्या अंगात बर्फावरच्या खेळाचे लांब बाह्यांचे ढगळ शर्ट. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. ही हॉकी ती नव्हे. ही आइस हॉकी, कॅनडात रुजलेली, थंड मुलखात वाढलेली, खर्चिक, आणि त्या काळात खेळाडूंपासून प्रेक्षकांपर्यंत जवळजवळ सगळी गोऱ्यांची. त्या खेळाची जर्सी कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या पोरांनी अंगावर चढवली आणि त्यांचं पाहून ती इतरांनी घेतली.

यावर हल्ली भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक स्मरणरंजनाच्या सुरात. कोणी कोणता शर्ट घातला, तो आता कितीला मिळतो, फॅशन परत आली का. एक हिशेब मात्र त्यात राहूनच जातो. या पोरांमुळे नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, माल खपला आणि तिचं नाव एरवी कधी पोचलं नसतं अशा घरांत पोचलं. त्याच जर्सीमुळे त्याच पोरांकडे शाळेत आणि रस्त्यावर संशयाने बघितलं गेलं. आणि ज्या बर्फावर ती जर्सी घालून खेळतात, तिथवर जायची वाट त्यांच्यासाठी अरुंदच राहिली. हे लीगवरचं देणं आहे असं मी मानतो. जुन्या डिझाइनच्या जर्स्या आता पुन्हा बाजारात आल्या आहेत, त्या अर्थी ते फेडायची वेळही आली आहे.

गोष्ट सुरू होते १९८८ मध्ये. त्या वर्षी ९ ऑगस्टला एडमंटन ऑइलर्सने वेन ग्रेट्झकी हा आपला हुकमी खेळाडू लॉस एंजेलिस किंग्जला देऊन टाकला. कॅनडात हाहाकार उडाला. पत्रकार परिषदेत खुद्द ग्रेट्झकीला रडू आवरेना. किंग्जचा मालक ब्रूस मॅकनॉल याने त्याच सुमारास संघाचा पोशाखही बदलला. आधीचे रंग जांभळा आणि सोनेरी, लेकर्स या बास्केटबॉल संघासारखे. नवे रंग काळा आणि चंदेरी. १९८२ पासून लॉस एंजेलिसमध्ये मुक्कामाला असलेल्या रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचेही रंग हेच. त्याच सुमारास लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एनडब्ल्यूए या रॅप गटाचा गाजलेला अल्बम आला. ईझी-ई आणि डॉक्टर ड्रे यांच्या डोक्यावर किंग्जच्या टोप्या, आइस क्यूबच्या अंगावर रेडर्सचा काळा-चंदेरी. कॉम्प्टनमध्ये तेव्हा कपड्याचा रंग हा जिवावरचा प्रश्न होता. लाल म्हणजे ब्लड्स ही टोळी, निळा म्हणजे तिचे वैरी क्रिप्स. काळा-चंदेरी या दोन्हींपैकी नव्हता. शिवाय तो कॅमेऱ्यात उठून दिसायचा, आणि तो शहराचा रंग होता, अमुक एका गल्लीचा नव्हता.

१९८८ मधलीच आणखी एक तारीख फॅशनवरच्या लेखांत सापडत नाही. एप्रिल १९८८ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी ‘ऑपरेशन हॅमर’ या नावाखाली साउथ सेंट्रल भागात सुमारे हजार पोलीस उतरवले आणि एका शनिवार-रविवारात १,४५३ जणांना उचललं. हे सगळे टोळीवाले होते यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. उभं राहण्याची ढब, वस्ती, कपडे एवढ्यावर पोरं पकडली जात होती. एका बाजूला काळ्या-चंदेरी टोप्यांची विक्री चढत होती आणि दुसऱ्या बाजूला त्या टोप्या घातलेल्या डोक्यांची धरपकड चालली होती. दोन्ही एकाच शहरात, एकाच वर्षी.

किंग्ज तेव्हा खेळायचे कुठे, हेही सांगायला हवं. बेव्हर्ली हिल्समध्ये नव्हे, तर इंगलवूडच्या फोरम या स्टेडियममध्ये. इंगलवूड म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती, कॉम्प्टनपासून काही मैलांवर. १९६७ पासून १९९९ पर्यंत किंग्जचं घर तेच. बर्फ त्या वस्तीच्या अंगणात होता. संध्याकाळी बाहेरून गाड्या यायच्या, सामना व्हायचा, गाड्या परत जायच्या. वस्तीतल्या पोराच्या वाट्याला त्यातून आला तो शर्ट, आणि तोही त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला.

आता हा शर्ट जवळून बघू. इतक्या खेळांच्या जर्स्या असताना हॉकीचीच का, याचं उत्तर त्याच्या शिवणीत आहे. हॉकीपटू खांद्यावर, छातीवर, कोपरांवर जाड पॅड बांधतो आणि त्यावरून जर्सी चढवतो. म्हणून ती मुळातच ऐसपैस बेतलेली असते, खांदे उतरते, बाह्या मनगटाखाली जाणाऱ्या, लांबी मांडीपर्यंत. पॅड नसलेल्या माणसाने ती घातली की नव्वदच्या दशकाला हवा होता तो ढगळपणा आपोआप येतो. बास्केटबॉलच्या बनियनला बाह्याच नाहीत. बेसबॉलचा शर्ट पातळ आणि बटणांचा. अमेरिकन फुटबॉलची जर्सी प्रतिस्पर्ध्याच्या मुठीत येऊ नये म्हणून अंगाला घट्ट. हॉकीच्या जर्सीवर मात्र छातीभर पसरलेलं एकच मोठं चिन्ह, बाह्यांवरही आकडे, कमरेला आणि बाह्यांना रुंद रंगीत पट्टे. लांबून धरलेल्या कॅमेऱ्यालाही ती ओळखू यावी अशी.

खरी जर्सी ओळखायची खूण आतल्या बाजूला असते. पाठीच्या खालच्या काठाला एक छोटा पट्टा शिवलेला असतो, त्याला फाइट स्ट्रॅप म्हणतात. हॉकीत हाणामारी नेहमीची. मारामारीत समोरच्याने जर्सी डोक्यावरून ओढून तुम्हाला आंधळं करू नये म्हणून हा पट्टा पँटला अडकवायचा. स्वस्तातल्या नकलेला तो नसतो. अक्षरं छापलेली आहेत की टाके घालून बसवलेली, कोपराला कापड दुहेरी आहे का, फाइट स्ट्रॅप आहे का, हे जाणकार गिऱ्हाईक तपासून घेतं. ज्या खेळाचा एकही सामना पाहिलेला नाही त्याच्या कपड्याबद्दल इतकी पारख ठेवणाऱ्या पोराला मी उथळ म्हणणार नाही. वस्तूचा कस त्याला कळत होता. खेळही कळला असता.

मग आलं १९९४. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या स्नूप डॉग या रॅपरच्या ‘जिन अँड ज्यूस’ या गाण्याचा व्हिडिओ टीव्हीवर सतत वाजत होता. त्यात त्याने पिट्सबर्ग पेंग्विन्सची जर्सी घातली होती. पेंग्विन्सने १९९१ आणि १९९२ असा सलग दोनदा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला होता, तेव्हा ते नाव निदान क्रीडाप्रेमींना माहीत होतं. पण त्याच व्हिडिओत तो स्प्रिंगफील्ड इंडियन्सच्या जर्सीतही दिसतो. हा मॅसॅच्युसेट्समधला दुय्यम लीगचा संघ, लाँग बीचपासून अख्खा देश ओलांडून पलीकडे. त्या जर्सीत उभं राहून स्नूपने हे नाव लाखो घरांत नेलं. त्या वर्षी मार्चमध्ये तो ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात टॉमी हिलफिगरचा रग्बी शर्ट घालून गायला आणि त्या ब्रँडची मागणी एकदम वाढली. कपडे विकणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा कळून चुकलं की हा माणूस अंगावर घालतो ते खपतं.

हॉकीवाल्यांना हे कळलं नसेल असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. १९९१ मध्ये सॅन होजे शार्क्स मैदानात आले ते टील या हिरवट निळ्या रंगात, काठी कडाकडा चावणारा शार्क घेऊन. १९९२-९३ च्या हंगामात या संघाने ८४ पैकी ७१ सामने गमावले. माल मात्र देशभर हातोहात जात होता. १९९३ मध्ये डिस्ने कंपनीने अॅनाहाइममध्ये मायटी डक्स हा संघ काढला, आपल्याच सिनेमाच्या नावाने. त्याच वर्षी गॅरी बेटमन लीगचे आयुक्त झाले, आणि ते आले होते एनबीए या बास्केटबॉल लीगमधून, म्हणजे खेळाडूच्या प्रतिमेवर बाजार कसा उभा करायचा हे ज्या लीगने दाखवून दिलं तिथून. जिंकण्या-हरण्यापेक्षा चिन्ह आणि रंग यांवर पैसा मिळतो हे हॉकीच्या धंद्याला नीट माहीत होतं. रॅपने त्या चिन्हाला आणि रंगाला रस्त्यावरची पत मिळवून दिली. ही पत जाहिरातीने विकत मिळत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. जर्स्या विकत घेणारे सगळे काही कॉम्प्टनचे नव्हते. उपनगरातल्या गोऱ्या पोरांनी रॅपचे व्हिडिओ पाहून त्या घेतल्या, आणि खरा मोठा खप तिथला. मला हे मान्य आहे. माझा मुद्दा त्यामुळे पक्काच होतो. वस्तूला किंमत आली ती एका जागी आणि ती वसूल झाली दुसऱ्या जागी. आणि ज्या जागी ती आली तिथे त्या वस्तूची दुसरीच किंमत मोजावी लागली.

ती कशी, हे शाळांच्या नियमांत दिसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन हसिंटो या शाळा-जिल्ह्याने (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने) कोणत्याही व्यावसायिक संघाचं किंवा महाविद्यालयाचं चिन्ह असलेले कपडे शाळेत घालायला बंदी केली. कारण दिलं टोळ्यांचं. पालक कोर्टात गेले. १९९३ मध्ये फेडरल न्यायालयाने सांगितलं की प्राथमिक शाळांत टोळ्या असल्याचा पुरावाच नाही, मधल्या शाळांतही तो नगण्य आहे, तेव्हा तिथली बंदी टिकत नाही. फक्त हायस्कूलपुरती ती राहिली. म्हणजे पुरावा नसताना लहान लहान मुलांच्या अंगावरच्या संघाच्या चिन्हात गुन्हा शोधला गेला होता, आणि हे एका न्यायालयाने नोंदवून ठेवलं आहे. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, लाँग बीचच्या शाळा-जिल्ह्याने प्राथमिक आणि मधल्या शाळांत गणवेश सक्तीचा केला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं करणारा अमेरिकेतला तो पहिला शाळा-जिल्हा. ‘जिन अँड ज्यूस’चं वर्ष हेच आणि स्नूपचं गावही हेच. जानेवारी १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काँग्रेसपुढच्या वार्षिक भाषणात डिझायनर जॅकेटांसाठी पोरं एकमेकांचे जीव घेतात असं सांगून गणवेशाची बाजू घेतली आणि महिन्याभरात ते लाँग बीचला जाऊन आले.

भीती खोटी नव्हती. जॅकेट आणि बुटांसाठी खून पडत होते, आणि १९९० मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’सारख्या साप्ताहिकाने हा विषय मुखपृष्ठावर घेतला होता. ज्या आईला आपलं पोर संध्याकाळी घरी येईल की नाही याची धास्ती होती, तिने गणवेशाला होकार दिला तर तिला बोल लावणारा मी कोण? पण नियमाचा रोख बघा. जर्सी घालणाऱ्यावर बंधन आलं, विकणाऱ्यावर आलं नाही. मॉलमधल्या दुकानात तोच शर्ट काचेत टांगलेला होता. थंड मुलखातल्या मिनेसोटात तो शर्ट घातलेला पोरगा चाहता ठरायचा आणि कॉम्प्टनमध्ये घातलेला संशयित. पुढे कॅलिफोर्निया पोलिसांनी टोळ्यांची संगणकीय नोंद ठेवायला सुरुवात केली, त्यात माणसाला टोळीचा सदस्य ठरवण्याच्या निकषांपैकी एक पेहराव हा होता. या यादीचं २०१६ मध्ये सरकारी ऑडिट झालं तेव्हा नोंदीच्या वेळी एक वर्षाचीही नसलेली ४२ बाळं तीत सापडली. याद्या कशा भरत होत्या ते यावरून समजावं.

कपड्यांचा एवढा काय बाऊ करायचा, असं म्हणणारे भेटतात. मराठी वाचकाला तरी हे समजावून सांगायची गरज पडू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेब आंबेडकरांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितलं होतं. अंगावर काय घालायचं हे दुसऱ्याने ठरवू नये, ही माणूसपणाची मागणी असते हे त्यांनी ओळखलं होतं. याच महाराष्ट्रातल्या तरुणांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी केली. तेव्हा तिकडच्या वस्त्यांतल्या पोरांनी ‘आपल्यासाठी नाही’ असं ठरवलेल्या खेळाचा शर्ट छातीठोकपणे घातला, त्यातला दावा आपल्याला लांबचा वाटू नये. त्यांनी तो दावा मनात शब्दांत मांडला होता की नाही याने फारसा फरक पडत नाही. बघणाऱ्यांना तो कळला, म्हणून तर नियम आले.

आता बर्फाच्या आत डोकावू. एनएचएलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला १८ जानेवारी १९५८ रोजी, बोस्टन ब्रुइन्सचा विली ओरी. दुसरा, माइक मार्सन, यायला १९७४ उजाडलं. मध्ये सोळा वर्षं. खेळायची आवड नव्हती म्हणून असं झालं म्हणावं तर कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात कृष्णवर्णीयांची स्वतःची हॉकी लीग १८९५ मध्येच सुरू झाली होती, एनएचएलच्या जन्माआधी बावीस वर्षं. ग्रेट्झकीच्या एडमंटन संघाचा गोलरक्षक ग्रँट फ्यूर हा कृष्णवर्णीय. त्या संघाच्या पाच स्टॅनली कपमध्ये त्याचा वाटा होता, २००३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. या माणसाला १९९३ मध्ये, तो बफेलोकडून खेळत असताना, तिथल्या एका कंट्री क्लबने सदस्यत्व नाकारलं. बोभाटा झाल्यावर क्लबने माफी मागितली. रॅपच्या व्हिडिओंतून हॉकीची जर्सी ऐन भरात यायच्या बेताला ही घटना घडली.

सप्टेंबर २०११ मध्ये ऑन्टारिओतल्या लंडन शहरात सराव सामना चालू असताना फिलाडेल्फियाच्या वेन सिमंड्सच्या दिशेने प्रेक्षकांतून केळं फेकलं गेलं. पण माझ्या मते या सगळ्या विषयाचं खरं सार अकीम अलियूच्या प्रकरणात आहे. अलियूचा जन्म नायजेरियातला, वडील नायजेरियन, आई युक्रेनियन, बालपण कीवमध्ये आणि मग कॅनडात. २००९-१० च्या हंगामात तो रॉकफर्ड या दुय्यम लीगच्या संघात होता. ड्रेसिंग रूममध्ये त्याने हिप हॉप लावलं. प्रशिक्षक बिल पीटर्स आत आला आणि या संगीताचा आपल्याला वीट आला आहे असं म्हणत त्याने कृष्णवर्णीयांसाठीची सर्वांत घाणेरडी शिवी त्या संगीताला जोडून वापरली. अलियूने हे नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं. तेव्हाच्या सहकाऱ्यांनी दुजोरा दिला. पीटर्स तोवर एनएचएलमध्ये कॅल्गरी फ्लेम्सचा मुख्य प्रशिक्षक झाला होता. आक्षेपार्ह भाषा वापरल्याचं मान्य करून त्याने माफीपत्र लिहिलं आणि २९ नोव्हेंबरला राजीनामा दिला. अलियूच्या वाट्याला एनएचएलचे उणेपुरे सात सामने आले.

ज्या संगीताने हॉकीची जर्सी जगभर नेली, ते संगीत हॉकीच्या खोलीत एका कृष्णवर्णीय खेळाडूने लावलं म्हणून त्याला शिवी खावी लागली, आणि शिवी देणारा वर चढत गेला. बाहेर जर्सीवर रॅपची छाप चालते, आत रॅप चालत नाही. हा एका तोंडाळ प्रशिक्षकाचा दोष आहे असं म्हणून मोकळं होता येणार नाही, कारण दहा वर्षं ही गोष्ट त्या व्यवस्थेत कोणालाही उघड करावीशी वाटली नाही.

लीगने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. १९९५ मध्ये तिने विविधतेसाठी कृतिगट नेमला, १९९८ मध्ये विली ओरींना त्या कामावर आणलं, आणि ओरींनी म्हातारपणी गावोगाव फिरून हजारो मुलांना बर्फावर उभं केलं. त्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. पण खरं काम लीगच्याही आधी वस्त्यांनीच सुरू केलं होतं. वॉशिंग्टनमध्ये नील हेंडरसन यांनी फोर्ट ड्यूपाँटच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, १९७८ पासून कृष्णवर्णीय मुलांचा संघ चालवला. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या मुलांसाठी १९८७ मध्ये असाच उपक्रम सुरू झाला. मुलं येत होती, शिकत होती. अडचण आवडीची कधीच नव्हती. अडचण रिंकच्या भाड्याची, स्केट्सची, हेल्मेट-पॅडची, पहाटे पाचला मुलाला गाडीने सोडणाऱ्या पालकाची. फुटबॉलला एक चेंडू पुरतो. हॉकीला आधी बर्फ लागतो, आणि लॉस एंजेलिसमध्ये बर्फ म्हणजे विजेचं बिल.

एवढ्या वर्षांच्या कामाचं फळ काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये लीगने स्वतःच पहिला विविधता अहवाल काढला. लीग आणि तिचे संघ मिळून ८३.६ टक्के कर्मचारी गोरे. पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर माइक ग्रियर त्याच वर्षी नेमला गेला, शार्क्सने. म्हणजे जो संघ टीलच्या जर्सीवर वाढला त्याने निदान तीस वर्षांनी एक खुर्ची दिली. २०२० मध्ये अलियू आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंनी हॉकी डायव्हर्सिटी अलायन्स ही संघटना काढली. काही महिन्यांत तिने लीगपासून फारकत घेतली, कारण त्यांना हवी होती बांधिलकी आणि मिळत होते कार्यक्रम.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो, की रॅपवाल्यांनी यातून स्वतःचं भलं करून घेतलं, मग देणं कसलं? त्यांनी भलं करून घेतलं हे खरं, आणि ते स्वतःच्या हिमतीवर. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये १९९२ मध्ये फुबू ही कपड्यांची कंपनी निघाली, स्टेटन आयलंडच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने १९९५ मध्ये वू वेअर काढलं, आणि दोघांनीही हॉकीच्या कापाच्या जर्स्या स्वतःच्या नावाने विकल्या. १९९७ मध्ये एलएल कूल जे या रॅपरने गॅप या बड्या कंपनीच्या जाहिरातीत फुबूची टोपी घालून, रॅपच्या ओळीत फुबूचं घोषवाक्य गुंफून दिलं. दुसऱ्याच्या पैशाने आपल्या माणसांची जाहिरात झाली. मला हा प्रसंग फार आवडतो. पण यातून लीगचं देणं फिटत नाही. उलट, दुसऱ्याचं चिन्ह छातीवर मिरवून आपल्या हाती काही लागत नाही हे त्यांना किती लवकर उमजलं होतं, याचीच ही साक्ष आहे. अदिदासने १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाला रीतसर करार दिला होता. संगीतामुळे माल खपला तर मोबदला द्यायचा, ही कल्पना त्या काळात कोणाला नवी नव्हती.

स्नूप स्वतः मात्र हॉकीला धरून राहिला. २०१९ मध्ये त्याने किंग्ज-पेंग्विन्स सामन्याचं समालोचन केलं, लीगने हॉकीचे नियम समजावून सांगणारी व्हिडिओ मालिकाही त्याच्याकडून करून घेतली. २०२३ मध्ये ऑटावा सेनेटर्स संघ विकायला निघाला तेव्हा लॉस एंजेलिसचे उद्योजक नीको स्पार्क्स यांच्या गटातून त्याने बोली लावली, आणि आपल्यासारख्या मुलांना हा खेळ मिळावा ही इच्छा उघड बोलून दाखवली. संघ अखेर मायकेल अँडलॉअर यांनी घेतला, सुमारे ९५ कोटी डॉलरला. बोलीत जास्त भक्कम पैसा जिंकतो, त्यात मी खोट काढत नाही. तरीही स्नूपला नियम समजावायला बोलावणं सोपं आणि मालकांच्या टेबलावर जागा होणं अवघड, हे चित्र ज्याला खुपत नाही त्याने पुन्हा एकदा बघावं.

आता २०२०च्या आसपासचा बाजार पाहा. अदिदास आणि लीगने ‘रिव्हर्स रेट्रो’ नावाने जुन्या जर्स्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या, २०२० मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये. २०२४ मध्ये किंग्जने ग्रेट्झकीच्या काळाची आठवण देणारं बोधचिन्ह परत आणलं, त्याच वर्षी अॅनाहाइमनेही मायटी डक्सच्या जुन्या मुखवट्याकडे परतायचं ठरवलं. नव्वदच्या दशकाची ओढ ही नुसत्या हॉकीची ओढ नाही. त्या बोधचिन्हाला आज वजन आहे ते ईझी-ईच्या टोपीमुळे, स्नूपच्या व्हिडिओमुळे. तेव्हा जुन्या डिझाइनच्या मालावर मिळणाऱ्या पैशाचा ठरावीक हिस्सा, दरवर्षी, लेखी करारानुसार, रिंक आणि साहित्य यांवर खर्च व्हावा, अशी माझी सरळ मागणी आहे. एखाद्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीय इतिहास महिन्याची विशेष जर्सी काढून भागणार नाही.

हे अव्यवहार्य आहे असं म्हणता येणार नाही. कोणत्या डिझाइनचे किती शर्ट गेले याची नोंद परवान्याच्या व्यवहारात ठेवावीच लागते. सुरुवात किंग्जने करावी आणि इंगलवूड-कॉम्प्टनपासून करावी, कारण बत्तीस वर्षं त्यांचा बर्फ तिथे होता आणि १९९९ मध्ये ते शहराच्या मध्यभागी निघून गेले. पैसे कुठे लावायचे हे संघाच्या जाहिरात विभागाने ठरवू नये. ते ठरवणाऱ्या मंडळात वस्तीतले प्रशिक्षक, पालक आणि तिथून खेळलेली माणसं बहुमतात असावीत, आणि वर्षाचा हिशेब जर्सीच्या विक्रीच्या आकड्यासकट छापला जावा. फोर्ट ड्यूपाँटसारखे उपक्रम इतकी वर्षं देणग्यांवर ओढत आणले गेले आहेत, त्यांना पुढच्या वर्षी बर्फाचं भाडं निघेल की नाही ही चिंता उरू नये इतका तरी हा हिस्सा असला पाहिजे.